मँडरिनमधला भूतकाळी नकार: ‘पू’ कुठे आणि ‘मेइ’ कुठे

मस्जिद बंदरच्या एका आयातदाराकडे काम करणारा माझा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात शनिवारच्या वर्गाला आला, तो मोबाइल हातात धरूनच. चीनमधल्या पुरवठादाराला त्याने पहिल्यांदाच कोणाच्याही मदतीशिवाय निरोप लिहिला होता. ‘आम्ही अजून पैसे भरलेले नाहीत, बँकेचे काम सोमवारी होईल,’ एवढेच त्याला कळवायचे होते. त्याने लिहिले होते: वो३मन पू२ फू४ख्वान३ ल (आकडे आवाजाचा चढउतार सांगतात, त्यांचा खुलासा पुढे आहे). पलीकडून लगेच ‘वेइ४षन२म?’, म्हणजे ‘का बरे?’, असा प्रश्न आला आणि मालाचे पॅकिंग थांबले. तो मला म्हणाला, “सर, ‘पू’ म्हणजे नाही, ‘फूख्वान’ म्हणजे पैसे भरणे आणि ‘ल’ म्हणजे भूतकाळ. मग चुकले कुठे?”

मराठीच्या हिशेबाने त्याची बेरीज बरोबर होती. पण चिनी माणसाला त्या वाक्यातून लागतो तो अर्थ असा: ‘आम्ही आता पैसे भरणार नाही.’ म्हणजे भरायचे ठरले होते आणि तो बेत रद्द झाला. त्याला हवे असलेले वाक्य होते: वो३मन हाइ२ मेइ२ फू४ख्वान३. नवशिक्या मराठी माणसाकडून भूतकाळी नकारात होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, आणि त्यांचे मूळ चिनी भाषेच्या अवघडपणात नसून ‘नाही’ आणि ‘नव्हता’ या आपल्याच दोन शब्दांकडे आपण कधी नीट पाहिलेले नसते यात असते. म्हणून हे मार्गदर्शन मराठीच्या बाजूने सुरू केले आहे.

येथील उच्चारखुणा कशा वाचाव्यात

मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, रोमन लिपीत लिहिण्याची पिनयिन पद्धत चीनने १९५८ साली अधिकृतपणे स्वीकारली आणि बहुतेक पुस्तके तीच वापरतात. मी येथे देवनागरी वापरतो, कारण मराठी माणसाला तिचा एक मोठा फायदा मिळतो. मँडरिनमध्ये प–फ, त–थ, क–ख या जोड्यांमधला फरक अल्पप्राण आणि महाप्राण असा आहे आणि तो आपल्या कानाला जन्मापासून माहीत आहे. पिनयिनमध्ये ‘ब’साठीच्या रोमन अक्षराने लिहिलेला नकार खरे तर ‘पू’ असा उच्चारायचा असतो. तो ‘बू’ असा म्हटला की आपण मराठीने दिलेली देणगी रोमन लिपीपायी गमावतो. ‘फूख्वान’मधला फ मात्र ‘फोन’मधल्यासारखा, दात ओठाला लावून काढायचा. च्य, च्या, च्यो अशा ठिकाणी ‘चहा’तला च घ्यावा आणि च्वो, चाइ येथे ‘चमचा’तला. छृ आणि षृ ही अक्षरे जीभ वर वळवून म्हणावीत. ही खूण केवळ अंदाज येण्यासाठी आहे. खरा उच्चार ध्वनिफितीवरून किंवा शिक्षकाच्या तोंडूनच घ्यावा.

अक्षराच्या शेवटचा आकडा स्वर सांगतो. १ म्हणजे उंच आणि सपाट. २ म्हणजे आपण आश्चर्याने ‘काय?’ विचारताना आवाज वर चढतो तसा. ३ म्हणजे खाली दबलेला. आणि ४ म्हणजे मुलाला ‘बस!’ असे दटावताना आवाज झटक्याने खाली येतो तसा. जेथे आकडा नाही तेथे अक्षर हलकेच म्हणून सोडून द्यायचे. ‘पू’चा मूळ स्वर चौथा आहे, पण त्याच्या पुढचे अक्षरही चौथ्या स्वराचे असेल तर ‘पू’ दुसऱ्या स्वरात चढतो. म्हणून पू४ ह१, पण पू२ छ्यू४. ‘मेइ२’ मात्र कोणाहीसमोर आपला स्वर सोडत नाही.

मूळ साचा

चार वाक्ये शेजारी ठेवून मोठ्याने वाचावीत.

वो३ छ्यू४. मी जातो.
वो३ छ्यू४ ल. मी गेलो.
वो३ पू२ छ्यू४. मी जात नाही. मी जाणार नाही.
वो३ मेइ२ छ्यू४. मी गेलो नाही.

मराठीत ‘जात नाही’ आणि ‘गेलो नाही’ या दोन्हींत ‘नाही’ तेच राहते आणि काळ सांगण्याचे ओझे क्रियापद उचलते. मँडरिनमध्ये नेमके उलट घडते. ‘छ्यू’ चारही वाक्यांत तसेच उभे आहे, त्याला ना काळ लागला ना पुरुष, आणि सगळा फरक नकाराच्या शब्दाने केला आहे. त्यामुळे मराठी कानाला येथे एक नवी सवय लावावी लागते: क्रियापदाचा शेवट ऐकायचा नाही, त्याच्या आधीचा नकार ऐकायचा.

‘मेइ’ म्हणजे भूतकाळातले ‘नाही’, असे बऱ्याच ठिकाणी शिकवले जाते. सुरुवातीच्या दोन आठवड्यांपुरते ते चालते आणि नंतर त्रास देते. ‘मेइ’ काळ सांगतच नाही. ही घटना घडली नाही किंवा ही वस्तू अस्तित्वात नाही, एवढेच तो सांगतो. ‘पू’ सांगतो तो स्वभाव, सवय, इच्छा, ओळख किंवा गुण. हे पटवण्यासाठी मी वर्गात एक वाक्य देतो: मिंग२थ्येन१ च४क षृ२होउ, था१ ख३नंग२ हाइ२ मेइ२ ताव४. अर्थ, ‘उद्या या वेळेला तो कदाचित पोचलेलाही नसेल.’ गोष्ट उद्याची आहे आणि नकार ‘मेइ’चा आहे, कारण प्रश्न पोचण्याची घटना घडलेली असेल की नाही याचा आहे.

‘मेइ’च्या चिनी अक्षराची घडण लक्षात ठेवायला सोपी आहे. त्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब असतात, कारण मूळ अर्थ ‘पाण्यात बुडणे’ असा होता. ‘मो४’ असा उच्चार करून ते अक्षर आजही बुडण्याच्या अर्थाने येते. जी घटना वर आलीच नाही, तिच्यासाठी हे अक्षर, असे मनात धरले तर लिहिताना हात थांबत नाही.

पू आणि मेइ यांच्यातला फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी बोलताना. सोलापुरात जन्मलेले, मुंबईत वैद्यकी शिकलेले कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथे ‘ख१ ती४ह्वा२’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. त्यांच्याबद्दल म्हणायचे ते असे: था१ मेइ२ ह्वेइ२ इन४तू४, ‘ते भारतात परतले नाहीत.’ हेच ‘था१ पू४ ह्वेइ२ इन४तू४’ असे म्हटले, तर अर्थ होतो ‘ते परतणार नाहीत’ किंवा ‘त्यांची परतण्याची तयारी नाही’. पहिले वाक्य एक घटना घडली नाही एवढे सांगून थांबते. दुसरे वाक्य त्या माणसाच्या मनाबद्दल निर्णय देते, आणि तो निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला नसतो. पैसे, माल, भेट यांबद्दल बोलताना हाच फरक माणसे दुखावतो: नी३ मेइ२ फू४ छ्येन२ म्हणजे ‘तुम्ही पैसे दिले नाहीत’, ही नोंद आहे, नी३ पू२ फू४ छ्येन२ म्हणजे ‘तुम्ही पैसे देत नाही’, हा आरोप आहे.

साच्याचे दोन नियम येथेच पक्के करावेत. पहिला, ‘मेइ’ आला की घटना पूर्ण झाल्याचा ‘ल’ जातो. ‘वो३ मेइ२ छ्यू४ ल’ हे ‘मी गेलो नाही’ या अर्थाने चुकीचे आहे, कारण ‘ल’ सांगतो घडले आणि ‘मेइ’ सांगतो घडलेच नाही. दोघांना एका घटनेवर एकत्र बसवता येत नाही. दुसरा नियम जागेचा. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येते, म्हणून आपण मँडरिनमध्येही ते क्रियापदाला शक्य तितके चिकटवू पाहतो. पण ‘च्याशी’, ‘मध्ये’, ‘ने’ अशा अर्थाचा शब्दगट क्रियापदाच्या आधी आला असेल तर ‘मेइ’ त्या संपूर्ण गटाच्याही आधी बसतो.

वो३ च्वो२थ्येन१ मेइ२ कन१ था१ ष्वो१ह्वा४. काल मी त्याच्याशी बोललो नाही.
वो३ च्वो२थ्येन१ मेइ२ चाइ४ च्या१ छृ१फान४. काल मी घरी जेवलो नाही.

‘काल’ हा शब्द मात्र ‘मेइ’च्या आधीच राहतो. ‘मेइ२’ आणि त्याचेच लांब रूप ‘मेइ२योउ३’ यांत क्रियापदापूर्वी अर्थाचा फरक नाही. बोलताना आखूड रूप अधिक ऐकू येते.

‘नव्हता’ हा शब्द फोडून पाहावा

नवशिक्यांना सर्वांत जास्त फसवतो तो ‘नव्हता’. मराठीत हा एकच शब्द इतकी वेगवेगळी कामे करतो की भाषांतर करताना त्याच्यासमोर एक चिनी शब्द लिहून ठेवणे म्हणजे निम्मी वाक्ये चुकवणे होय. भूतकाळ दिसला की ‘मेइ’ लावणारा विद्यार्थी ‘तो शिक्षक नव्हता’ याचे ‘था१ मेइ२ षृ४ लाव३षृ१’ करतो, आणि हे वाक्य मँडरिनमध्ये उभेच राहत नाही. ‘षृ’, म्हणजे ‘असणे’ या ओळखीच्या क्रियापदाला, कोणत्याही काळात ‘पू’च लागतो: था१ ई३छ्येन२ पू२ षृ४ लाव३षृ१. भूतकाळ सांगण्याचे काम येथे ‘ई३छ्येन२’, म्हणजे ‘पूर्वी’, हा शब्द करतो. असा काळवाचक शब्द नसेल तर काळ संदर्भावरून कळतो, आणि चिनी माणसाला त्यात काही उणे वाटत नाही.

मराठीच्या आधारे करता येणारी एक परीक्षा मी विद्यार्थ्यांना देतो. ‘नव्हता’च्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. तेथे घटना सांगणाऱ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप असेल, जसे आला, भरले, जेवली, तर ‘मेइ’ घ्यावा: तो आला नव्हता, था१ मेइ२ लाइ२. तेथे नाम किंवा विशेषण असेल तर ‘पू’ घ्यावा: काल थंडी नव्हती, च्वो२थ्येन१ पू४ लंग३. तेथे ‘माहीत’, ‘हवे’, ‘जायचे’ असे मनाच्या स्थितीचे शब्द असतील तरीही ‘पू’: मला माहीत नव्हते, वो३ पू४ चृ१ताव४, मला जायचे नव्हते, वो३ पू४ श्यांग३ छ्यू४. मालकी किंवा जवळ असणे असेल तर ‘मेइ२योउ३’: माझ्याकडे पैसे नव्हते, वो३ मेइ२योउ३ छ्येन२. ‘योउ’ हे क्रियापद ‘पू’ कधीच घेत नाही, ना वर्तमानात ना भूतकाळात. हा एक नियम बिनअपवाद म्हणून पाठ करायला हरकत नाही.

‘तो घरी नव्हता’ यासाठी ‘था१ पू२ चाइ४ च्या१’ असे म्हणावे. येथे ‘मेइ२ चाइ४ च्या१’ असेही ऐकू येते, पण नवशिक्याने ‘पू’ने सुरुवात करावी.

अडचण येते ती ‘-त नव्हतो’ या रूपाशी, कारण मराठीत त्याच्या पोटात दोन गोष्टी आहेत. ‘मला तेव्हा पोहता येत नव्हते’ ही क्षमता आहे, म्हणून ना४ षृ२होउ वो३ पू२ ह्वेइ४ योउ२योंग३. ‘तुम्ही आलात तेव्हा मी टीव्ही पाहत नव्हतो’ येथे त्या क्षणी एक क्रिया चालू नव्हती, म्हणून वो३ मेइ२ चाइ४ खान४ त्येन४षृ४. आजच्या बोलण्यातले ‘मी पाहत नाहीये’ हे रूपसुद्धा याच ‘मेइ’च्या बाजूला जाते, जरी गोष्ट आत्ताची असली तरी.

‘वाटले नव्हते’ आणि ‘वाटत नव्हते’ या जोडीवर थोडा वेळ घालवावा. ‘जावेसे वाटत नव्हते’ ही इच्छा आहे, म्हणून पू४ श्यांग३. ‘तो येईल असे वाटले नव्हते’ म्हणजे ही गोष्ट मनात आलीच नाही, म्हणून मेइ२ श्यांग३ताव४: मेइ२ श्यांग३ताव४ था१ लाइ२ ल. मराठीने ‘वाटत’ आणि ‘वाटले’ असा जो भेद आधीच करून ठेवला आहे तो येथे जसाच्या तसा कामी येतो.

‘पीत नसे’ आणि ‘प्यायला नाही’

भूतकाळातही ‘पू’ येतो हे पटायला आपला रीतिभूतकाळ पुरेसा आहे. ‘पूर्वी तो दारू पीत नसे’, किंवा बोलण्यात ‘प्यायचा नाही’, हे त्याच्या सवयीबद्दल आहे: था१ ई३छ्येन२ पू४ ह१ च्योउ३. ‘काल तो दारू प्यायला नाही’ हे एका रात्रीबद्दल आहे: था१ च्वो२थ्येन१ मेइ२ ह१ च्योउ३. मराठी वाक्य मनात ‘नसे’ किंवा ‘-यचा नाही’ या रूपात बसत असेल, तर डोळे मिटून ‘पू’ घ्यावा. ही खूण रोमन लिपीतल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, पण मराठी विद्यार्थ्याला तिच्याइतकी खात्रीची दुसरी खूण मी दिलेली नाही.

तसाच भेद क्रिया कशी झाली हे सांगताना येतो. ‘काल मी नीट झोपलो नाही’ याचा अर्थ झोपलो नाही असा नसतो. झोप झाली, पण ती चांगली नव्हती. मँडरिन हे स्पष्ट करून मागते. नकार झोपेला न लावता ‘चांगली’ला लावायचा: वो३ च्वो२थ्येन१ ष्वेइ४ त पू४ हाव३. ‘मेइ२ ष्वेइ४’ म्हटले तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असे होईल.

पाहिले नाही, दिसले नाही

येथे मराठी माणूस मँडरिनच्या फार जवळ आहे आणि त्याला ते ठाऊक नसते. मँडरिनमध्ये क्रिया आणि तिचे फळ हे वेगवेगळे सांगितले जातात: ‘खान४’ म्हणजे पाहणे, ‘खान४च्येन४’ म्हणजे पाहून दिसणे. आपल्याकडे हे काम दोन वेगळी क्रियापदे करतात.

मेइ२ खान४, पाहिले नाही. मेइ२ खान४च्येन४, दिसले नाही.
मेइ२ थिंग१, ऐकले नाही. मेइ२ थिंग१च्येन४, ऐकू आले नाही.
मेइ२ चाव३, शोधले नाही; मेइ२ चाव३ताव४, सापडले नाही.

रस्त्यात ओळखीच्या माणसाकडे आपले लक्ष गेले नाही आणि त्याने नंतर विचारले, तर ‘मेइ२ खान४’ म्हणणे म्हणजे ‘मी तुमच्याकडे पाहिलेच नाही’ असे सांगणे होय. तेथे ‘मेइ२ खान४च्येन४’ हवे. वर्गात शिक्षकाचे बोलणे समजले नाही तर ‘मेइ२ थिंग१तोंग३’ म्हणावे: ऐकले, पण उमगले नाही. ही पहिल्या महिन्यात रोज वापरावी लागणारी पाच अक्षरांच्या आतली वाक्ये आहेत, ती आधी पाठ करावीत.

विशेषणालाही असे फळ लागते. मुंबईच्या जुलैमध्ये गॅलरीतल्या दोरीवर तिसऱ्या दिवशीही ओलसर राहिलेला टॉवेल हाताने चाचपून आपण म्हणतो, ‘अजून वाळला नाही.’ ‘कान१’ म्हणजे कोरडा, पण येथे ‘पू’ लागत नाही: ई१फू हाइ२ मेइ२ कान१, कपडे अजून वाळलेले नाहीत. वाळणे ही होणारी गोष्ट आहे आणि ती झालेली नाही. ‘अजून उजाडले नाही’ यासाठी थ्येन१ हाइ२ मेइ२ ल्यांग४, याच कारणाने.

‘अजून’, ‘कधी’ आणि ‘जेवलास का?’

‘अजून … नाही’ म्हणजे ‘हाइ२ मेइ२ …’, आणि बोलताना शेवटी ‘न’ जोडला की बोलण्याचा सूर मृदू होतो: वो३ हाइ२ मेइ२ छृ१ न, ‘अजून जेवलो नाही हो.’ ‘कधी … गेलेलो नाही’ असा अनुभवाचा नकार असेल तर क्रियापदामागे ‘क्वो’ येतो आणि तो नकारातही टिकतो: वो३ मेइ२ छ्यू४क्वो चोंग१क्वो२, ‘मी कधी चीनला गेलेलो नाही.’ ‘ल’ जातो, ‘क्वो’ राहतो.

‘जेवलास का?’ हा प्रश्न आपल्याकडे जसा ख्यालीखुशालीचा, तसाच चीनमध्येही आहे: नी३ छृ१ ल मा? याला ‘जेवलास की नाही?’ असे रूप द्यायचे असेल तर शेवटी ‘मेइ२योउ३’ ठेवायचे: नी३ छृ१ ल मेइ२योउ३? येथे ‘ल’ चालतो, कारण तो प्रश्नातल्या ‘जेवलास’ या भागाचा आहे. उत्तर नकारार्थी असेल तर ‘मेइ२योउ३’ किंवा ‘हाइ२ मेइ२ न’ म्हणावे. केवळ ‘पू’ म्हटले तर समोरचा गोंधळतो.

मेइ असूनही ‘ल’ राहतो ती ठिकाणे

आधी सांगितलेला नियम वाचून कोणी चिनी मालिका पाहू लागला की त्याला ‘मेइ२ छ्येन२ ल’ ऐकू येते आणि तो नियमावर शंका घेतो. येथे ‘मेइ’ हाच मुख्य शब्द आहे आणि शेवटचा ‘ल’ परिस्थिती बदलल्याचे सांगतो: पैसे होते, आता नाहीत, म्हणजे संपले. दुसरे ठिकाण कालावधीचे: वो३ सान१ थ्येन१ मेइ२ छृ१फान४ ल, ‘तीन दिवस झाले, मी जेवलेलो नाही.’ कालावधी ‘मेइ’च्या आधी येतो आणि ‘ल’ ‘आजपर्यंत झाले’ एवढे दाखवतो. आणि ‘हाव३च्योउ३ पू२ च्येन४’, म्हणजे ‘बऱ्याच दिवसांत भेट नाही’, हे अभिवादन भूतकाळी असूनही ‘पू’ घेते. ते जुन्या वळणाचे ठरीव वाक्य आहे, ते तसेच उचलावे. स्वतःचे वाक्य रचायचे झाल्यास ‘हाव३च्योउ३ मेइ२ च्येन४ ल’ म्हणावे.

माझ्या विद्यार्थ्याच्या निरोपातला ‘पू … ल’ याच परिस्थिती बदलाच्या ‘ल’चा होता. था१ पू४ लाइ२ ल म्हणजे ‘तो आला नाही’ नव्हे, तर ‘तो येणार होता, आता येत नाही’. हा एक सांधा पक्का बसला की व्यवहारातले मोठे नुकसान टळते.

एकही, काहीच, कोणीच

‘मी एकही पुस्तक घेतले नाही’ याचे शब्द आणि क्रम आश्चर्य वाटावे इतके मराठीसारखे आहेत: वो३ ई४ पन३ षू१ ये३ मेइ२ माइ३. ‘ये’ हा आपला ‘ही’, आणि वस्तू क्रियापदाच्या आधी आली आहे, जशी आपल्याकडे येते. ‘काहीच खाल्ले नाही’ म्हणजे षन२म तोउ१ मेइ२ छृ१, आणि ‘कोणीच आले नाही’ म्हणजे षेइ२ तोउ१ मेइ२ लाइ२. ‘षन२म’ म्हणजे ‘काय’, ‘षेइ२’ म्हणजे ‘कोण’. ‘कोण’वरून ‘कोणीच’ जसे घडते तसेच येथे घडले आहे. मराठी बोलणाऱ्याने ही वाक्ये भीती न बाळगता पहिल्याच महिन्यात बोलायला घ्यावीत.

नकार घटनेचा नसेल तेव्हा

‘मी लोकलने आलो नाही, मेट्रोने आलो.’ या वाक्यात येण्याची घटना घडली आहे. नाकारले आहे ते केवळ साधन. म्हणून येथे ‘मेइ’ येत नाही: वो३ पू२ षृ४ च्वो४ ह्वो३छ१ लाइ२ त, षृ४ च्वो४ ती४थ्ये३ लाइ२ त. ‘पू षृ … त’ हा साचा ‘असे नव्हे, तर तसे’ म्हणण्यासाठी आहे. मराठीत अशा वाक्यातले ‘नाही’ बदलून ‘नव्हे’ घालून पाहावे. ‘मी लोकलने नव्हे, मेट्रोने आलो’ असे सहज म्हणता आले तर ‘पू षृ’ हवे. ‘नव्हे’ बोलण्यातून मागे पडत चालले आहे, पण येथे त्याच्यासारखा वाटाड्या नाही.

आणखी एक सूचना, मुंबईतच सराव करू पाहणाऱ्यांसाठी. माझगावला १९१९ साली उभे राहिलेले चिनी देऊळ आहे आणि शहरातल्या जुन्या चिनी कुटुंबांपैकी अनेकांची मुळे दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतात आहेत. तिकडच्या कँटनी भाषेत ‘पू’च्या जागी ‘म्’ आणि ‘मेइ’च्या जागी ‘मोउ’ असे शब्द आहेत. तेव्हा येथले साचे तेथे लागू होतील असे धरून चालू नये.

सरावासाठी

रोज रात्री त्या दिवशी न घडलेल्या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे आधी मराठीतच लिहावे: घटना, सवय, ओळख, मालकी की मनाची स्थिती. नकार त्यानंतर निवडावा. हे आधी मराठीत ठरवणे वेळखाऊ वाटते, पण तीन आठवड्यांत ती पायरी आपोआप गळून पडते. सुरुवातीला पुढची सहा वाक्ये करून पाहावीत: काल पाऊस पडला नाही; पूर्वी मी चहा घेत नसे; किल्ली शोधली, पण सापडली नाही; ती तेव्हा डॉक्टर नव्हती; मी कधी शांघायला गेलेलो नाही; माल अजून पोचलेला नाही.

पहिल्यात घटना आहे: च्वो२थ्येन१ मेइ२ श्या४ यू३. दुसऱ्यात ‘नसे’ आहे, म्हणून वो३ ई३छ्येन२ पू४ ह१ छा२. तिसऱ्यात आधी क्रिया झाली आणि नंतर फळ मिळाले नाही, म्हणून होकार आणि नकार दोन्ही येतात: चाव३ ल, मेइ२ चाव३ताव४. चौथ्यात ओळख आहे: था१ ना४ षृ२होउ पू२ षृ४ ई१षंग१, येथे ‘मेइ’ लिहिला गेला असेल तर ‘नव्हता’चा भाग पुन्हा वाचावा. पाचव्यात ‘क्वो’ विसरू नये: वो३ मेइ२ छ्यू४क्वो षांग४हाइ३. सहावे वाक्य मस्जिद बंदरच्या त्या विद्यार्थ्याला आता रोज लिहावे लागते: ह्वो४ हाइ२ मेइ२ ताव४. त्यात ना ‘पू’ आहे, ना ‘ल’.